पट्टीकडचा पाय

रेडिओवाल्यांची घंटा त्यांची बायको दुरुस्त करत होती आणि ते पलंगावरून नुसते बघत होते. पक्षाघाताच्या झटक्याने वाचा नेली, हातपाय नेले. उजव्या हाताचं एक बोट आणि दोन डोळे तेवढे मागे ठेवले. त्या बोटाखाली बटण आणि बटणापासून तार खिडकीतून खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे. बायको नऊ ते दोन कामावर. त्या वेळात काही लागलं की घंटा दाबायची, मग शिंपीणबाई वर यायच्या. सोमवारी ती बंद पडली आणि रेडिओवाले मान उशीत रुतून चार तास घुसमटत पडले. पुन्हा तसं झालं तर धडगत नव्हती.

बायकोने त्यांची वही पुढ्यात उघडली होती. हौस म्हणून आयुष्यभर गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाने वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, पण मोठ्या तोऱ्यात. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘साध्या गोष्टी लिहिलेल्या नाहीत. ज्याला त्या कळत नाहीत त्याने वहीला हात लावू नये.’

“तपकिरी, काळा, लाल, म्हणजे हजार,” रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्याचा आकडा वाचत ती पुटपुटली. बरोबर होतं. जोडावर वितळवलेलं सोल्डरसुद्धा चकचकीत बसलं. तीस वर्षांत आपण हिला या हत्यारांच्या पेटीजवळ फिरकू दिलं नाही, याची रेडिओवाल्यांना मनापासून लाज वाटली.

मग तिने वीज साठवणारा, इवल्या डबीसारखा नवा कपॅसिटर उचलला. त्याचा तारेचा एक पाय लांब, एक आखूड. लांब तो अधिक. ज्या बाजूला अंगावर पांढरी पट्टी, तो उणे. इतकी साधी गोष्ट, म्हणून वहीत नव्हती. बायकोने उरलेले दोरे कापावेत तसे दोन्ही पाय सारखे कापले आणि पट्टीकडचा पाय अधिकच्या जागी जोडून टाकला.

त्यांनी डोळे दोनदा मिटले. दोनदा म्हणजे नाही. पण तिची मान खाली होती.

प्लग लावून तिने वर पाहिलं, तेव्हा रेडिओवाले डोळे मिटतच होते.

“काय चुकलं? तार?”

नाही.

“सोल्डर सुटलंय?”

नाही.

“मग हा कपॅसिटर? अहो, नंबर तर तोच आहे ना?”

नंबर तोच होता. दिशा उलटी होती. याला एकदा मिटायचे की दोनदा? एकदा म्हणजे सगळं ठीक, दोनदा म्हणजे नंबर चूक. ते अडले, तेवढ्यात तिने घड्याळ पाहिलं आणि त्यांचं बोट धरून बटण दाबलं. घंटा खणखणीत वाजली.

“ऐकू आलं हो,” शिंपीणबाई खालून ओरडल्या.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्या हातचं एक काम तुम्हाला कधी पसंत पडलं नाही,” ती हसत म्हणाली. “आज तरी पडू दे. घंटेच्या पेटीचं झाकण उघडंच ठेवते, बघत बसा.”

उलटा लावलेला कपॅसिटर काही वेळ निमूट चालतो. मग आतून तापतो, फुगतो आणि फुटतो, की घंटा बंद. हे त्या घरात एकट्या रेडिओवाल्यांना ठाऊक होतं.

ती कामावर गेल्यावर त्यांनी बटण दाबलं. शिंपीणबाई धापा टाकत आल्या आणि भिंतीवर लावलेली यादी वाचू लागल्या. पाणी? कूस? खिडकी? दुखतंय? प्रत्येकाला नाही. यादीत कपॅसिटर नव्हता.

“वाजते का ते बघत होतात होय?” त्या म्हणाल्या. “छान वाजते.” आणि खाली गेल्या.

त्यांनी पुन्हा दाबलं.

“वाजतेय हो, वाजतेय,” खालून आवाज आला.

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा नुसतं हसू ऐकू आलं आणि शिलाई मशीन सुरू झालं. समोरच्या टेबलावर कपॅसिटरचं सपाट डोकं हळूहळू वर येत होतं. घड्याळात सव्वानऊ झाले होते.