डिस्कची कड

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत. तीस वर्षं ब्रेकचं काम केल्यावर दुसरं म्हणणार तरी काय? चाक उतरवलं की तो डिस्कवर अंगठा फिरवायचा, नखानं कडेचा उंचवटा चाचपायचा आणि निकाल देऊन मोकळा व्हायचा. "नुसते पॅड बदला," किंवा "डिस्कपण बदला, उगाच शहाणपणा नको." त्या अंगठ्यानं तीस वर्षांत कुणाचा घात केला नाही. घात झाला तो मिस्त्रीनं अंगठ्याचं ऐकलं नाही तेव्हा.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी त्यानं मोठ्या हौसेनं जाडी मोजायचा, आकडे दाखवणारा व्हर्नियर घेतला. नव्याचे नऊ दिवस. दिसेल ते मोजत सुटला होता. त्याच आठवड्यात धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. मिस्त्रीनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दोन्ही बदलू." भाऊ हसला. "दादा, सख्ख्या भावाला अंगठा काय दाखवतोस? आकडा दाखव."

मिस्त्रीनं आकडा दाखवला. आता डिस्क झिजते ती पॅड घासतात तिथे. अगदी बाहेरची कड आहे तशी जाड राहते. हे शेंबड्या पोरालाही कळावं, आणि मिस्त्रीला तर झोपेतही ठाऊक होतं. पण व्हर्नियरचे दोन्ही जबडे त्या कडेवर बसले, आकडा आला बावीस मिलिमीटर, आणि वीसपर्यंत चालेल असं डिस्कवरच कोरलेलं होतं. मिस्त्री आकड्यावर भुलला. नवे पॅड टाकले, डिस्क जुनीच ठेवली.

नवव्या दिवशी लांबच्या उतारावर ब्रेक गेले. भाऊ वाचला. शेजारी बसलेली त्याची बायको जागच्या जागी गेली.

भाऊ दवाखान्यात सांगत होता, "साठच्या वर नव्हतो. पेडल एकदम खाली गेलं, पायाला काही लागलंच नाही." कोण ऐकतो? ब्रेक नवे, तेही सख्ख्या भावाच्या हातचे. पोलिसांनी 'अतिवेग' लिहिलं आणि कागद मिटला. त्याच्या लेकीनंही तेच मानलं. आईमागे घरात दोघंच उरली, तरी तिनं बापाशी बोलणं टाकलं. त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि पाठ फिरवायची.

मोडकी गाडी मिस्त्रीच्याच आवारात येऊन पडली. त्यानं चाक उतरवलं. डिस्क आरपार तडकली होती. कड सोडून आत मोजली. अठरा. तो तिथेच जमिनीवर बसला. मग उठला, आणि माणसानं करू नये ते केलं. दुपारच्या आत डिस्क भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकली. त्यानंतर तोंडात मिठाची गुळणी. इतकंच असतं तर एक वेळ म्हटलं असतं, घाबरला. पण भेटायला आलेल्या माणसांसमोर हा म्हणाला, "उतारावर जरा जपून चालवायला हवं होतं." भाऊ मान खाली घालून ऐकत होता. मिस्त्रीला लाज वाटायला हवी होती. वाटतही होती, पण लाजेनं तोंड उघडत नाही.

असे अकरा महिने गेले. मग एका सकाळी पुतणी आली. तिनं जुनी गाडी घेतली होती, ब्रेक कुरकुरत होते.

"काका, पॅड आणि डिस्क तुम्हीच निवडून द्या. पण मला शिकवा. पुन्हा कुणाच्या भरवशावर बसायचं नाही मला."

कुणाच्या म्हणजे बापाच्या, हे मिस्त्रीला कळलं. त्यानं चाक उतरवून दिलं. तिनं व्हर्नियर उचलला आणि जबडे बरोब्बर कडेवर ठेवले.

"एकवीस. वीस चालतं ना? मग नुसते पॅड टाकू."

मिस्त्रीनं तिचं मनगट धरलं. "कडेवर नाही," तो कसाबसा म्हणाला. खिशातली दोन सारखी नाणी काढून त्यानं डिस्कच्या दोन्ही अंगांना, कडेच्या आत धरली. "आता याच्यावरून माप घे, आणि नाण्यांची जाडी वजा कर."

तिनं केलं. "साडेअठरा." ती जराशी हसली. अकरा महिन्यांत तिला हसताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. "बरं झालं तुम्ही होतात. दुसऱ्या कुणी कडेवर मोजून डिस्क तशीच सोडली असती."

"सोडली होती," मिस्त्री म्हणाला.

"कुणी?"

"मी. तुझ्या बाबांची गाडी. ते वेगात नव्हते गं. मी चुकीचं मोजलं."

तिनं व्हर्नियर बाकावर ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "चला घरी. त्यांच्यासमोर सांगा."

भाऊ स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसला होता. मिस्त्रीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं; अंगठा, आकडा, अठरा, भंगार. सांगताना त्याला रडू कोसळलं. आता भाऊ शिव्या देईल, मारेल, काहीही करेल, त्याची तयारी होती.

भावानं शांतपणे विचारलं, "डिस्क कुठाय?"

"वितळून गेली असेल रे आता."

"मग कशाला हे? माझ्यावर दया करतोयस. मी नव्वदवर होतो, दादा."

"तूच म्हणाला होतास, साठ."

"तेव्हा खोटं बोललो असणार. मला रोज दिसतो तो वेगाचा काटा. नव्वद. हिची आई म्हणतेय हळू चालवा, आणि मी ऐकत नाहीये. सगळं स्वच्छ आठवतंय."

"असं काही झालं नाही. धाकट्या, ऐक माझं."

"सगळ्यांना ठाऊक आहे. तूही म्हणाला होतास, जपून चालवायला हवं होतं."

पुतणी पुढे झाली, बापाच्या गुडघ्यापाशी बसली आणि म्हणाली, "बाबा."

अकरा महिन्यांनी ती हाक त्याच्या कानावर पडत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"नको, बाळा," तो म्हणाला. "तू वागत होतीस तेच बरोबर होतं." आणि त्यानं पुढची शेंग उचलली.