मैदानाखालची लाइन

खुंटी जेमतेम हातभर उंच, टोकाला तांबडा रंग, आणि रंग अजून ओला असावा – कारण एक मुंगी त्यात अडकली होती आणि मागचे दोन पाय सोडवायची धडपड करत होती. ठोकणाऱ्याने ती सरळ ठोकली नव्हती. घाईत चार घाव घालून पुढे गेला असणार. पूर्वी असं चालत नसे, ओळंबा लावल्याशिवाय मुकादम पुढची खुंटी हातात देत नसे... या खुंटीपासून पुढच्या खुंटीपर्यंत सुतळी ताणलेली, तिथून पुढची, तिथून कोपऱ्यावर वळलेली, आणि आतल्या चौकोनात सकाळचं दव तसंच, जणू गवताला अजून कोणी कळवलंच नव्हतं. फाटकावर मात्र कागद डकवला होता. पालिकेची घरं होणार, चार मजले, शहाण्णव घरं, ज्यांना घर नाही अशांसाठी. हरकती आज अकरा वाजता जागेवरच ऐकल्या जातील.

तो तिसऱ्या आणि चौथ्या खुंटीच्या मधोमध उभा राहिला. मुद्दाम. कारण बरोबर तिथेच, त्याच्या चपलांखाली साडेपाच फुटांवर, पाणी चाललं होतं. सकाळी सहा ते आठ दाब मोठा असतो. त्याला तळव्यांना ते कळतं असं त्याला वाटे. खरं कळे की नुसतं वाटे, देव जाणे. पालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला असताना तो लोखंडी सळई जमिनीत रोवून दुसरं टोक कानाला लावी आणि डोळे मिटे. कुठे गळतंय, कुठे नुसतं वाहतंय, कुठे व्हॉल्व्ह अर्धवट मिटलाय, हे तो त्या सळईतून सांगे. डॉक्टर छातीला लावतात ते यंत्र वेगळं काय असतं? पण डॉक्टरला लोक डॉक्टर म्हणतात, आणि याला वसाहतीत सगळे 'पाणीवाले' म्हणत... म्हणत होते. आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आता नळ गेला तरच आठवण.

ही मोठी लाइन इथून गेलीय हे नकाशात नाही. नकाशात ती रस्त्याच्या कडेने जाते, अगदी पट्टीने आखल्यासारखी. खणतानाही रस्त्याच्या कडेनेच खणत होते, एक्केचाळीस वर्षांपूर्वी, सात जणांची टोळी, त्यात सगळ्यांत लहान हा – आणि कोपऱ्यावर काळा खडक लागला. तीन दिवस पहारी वाकल्या. चौथ्या दिवशी ओव्हरसियर आले, रुमालाने मान पुसली, खडकाकडे आपल्या सासऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "वळवा आत मैदानातून. नकाशा मागाहून दुरुस्त करू." मागाहून! ओव्हरसियर बदलून गेले, मग देवाघरी गेले, टोळीतले सहाजण एकेक करून गेले, आणि नकाशा आपला तसाच, खोटा आणि नीटनेटका. एकदाही गळती झाली नाही म्हणून कोणी खणलं नाही, आणि खणलं नाही म्हणून कोणाला कळलं नाही. सांध्यात शिसं ओतलं होतं ते यानेच. ओव्हरसियर म्हणाले होते, पोराचा हात चांगला आहे.

मोठ्या लाइनवर इमारत बांधता येत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळे सोडावे लागतात, खात्यातला शिपाईसुद्धा हे जाणतो. म्हणजे त्याने एक वाक्य बोलायचं, की या सगळ्या खुंट्या उपटल्या. मैदान वाचलं.

ते वाक्य तो अकरा दिवस तोंडात धरून होता.

मुलीसाठी, असं तो स्वतःला सांगे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका खोलीत, नवरा-बायको आणि दोन मुलं; पालिकेच्या यादीत नऊ वर्षं नाव; नातवंडं खाटेवर पाळीपाळीने अभ्यासाला बसतात, एकाचा होईपर्यंत दुसरा दारात उभा. इथे घरं झाली तर तिचा नंबर लागेल, हाकेच्या अंतरावर येईल. बापाने गप्प राहायला याहून चांगलं कारण कुठलं? इस्त्री करून ठेवलेल्या सदऱ्यासारखं कारण होतं ते, कुठेही घालून जावं... पण सदऱ्याच्या आत जो माणूस होता त्याला माहीत होतं. मुलीचा विचार सकाळी यायचा, तोंड धुताना, ठरवून आणल्यासारखा. साडूचा विचार आपोआप यायचा.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होता, निवृत्त झाल्यावर सहा वर्षांपूर्वी या वसाहतीत राहायला आला, आणि दुसऱ्या महिन्यात लोक त्याला 'अध्यक्ष' म्हणू लागले. कशाचा अध्यक्ष ते कोणी विचारलं नाही. मैदान बचाव समिती निघाली तेव्हा पदावर बसायला माणूस तयारच होता. सभेत तो म्हणाला, हे मैदान नाही, हे आपल्या वस्तीचं फुप्फुस आहे, आणि टाळ्या पडल्या. फुप्फुस! हा माणूस गवतावर बसायचा झाला तर आधी वर्तमानपत्र पसरतो. बत्तीस उन्हाळे कडेच्या झाडांना संध्याकाळी पाणी कोणी घातलं? खात्याची रबरी नळी खांद्यावर टाकून, साहेबांची नजर चुकवून? आणि आता ही त्याची झाडं, त्याचं फुप्फुस. मुंग्यांनी वारूळ बांधायचं आणि नागोबाने येऊन वेटोळं घालायचं, ही काही आजची गोष्ट नाही.

घरी परतला तेव्हा बायको चष्मा शोधत होती.

"येताय ना अकराला? भावोजींनी आपल्याला पुढच्या रांगेत बसायला सांगितलंय."

"खुर्च्या काय त्यांच्या बापाच्या आहेत?"

"शाळेच्या आहेत. पण आणल्या त्यांनी. तुम्ही आणल्या असत्या तर तुमच्या म्हटल्या असत्या मी."

"मला बोलावलं का कोणी आणायला?"

"बोलावलं असतं तर गेला असतात?" चष्मा तिच्या कपाळावरच होता. त्याने सांगितलं नाही. "खरं सांगू? तुम्ही ना, त्यांना पाण्यात पाहता."

"माझी नोकरीच ती होती. बत्तीस वर्षं पगार मिळाला त्याचा."

ती हसली नाही. चष्मा सापडला तिला, तो तिने डोळ्यांवर ओढला आणि ती आत गेली. हेच... हेच नेमकं. हाच विनोद साडूने केला असता तर तिने तोंडावर हात ठेवला असता, खांदे हलले असते, "अगं बाई, भावोजी म्हणजे ना!" असं झालं असतं. ते हसू त्याला पाठ होतं. कितीदा बघितलं होतं त्याने ते – बाजूने. समोरून फार थोड्या वेळा. लग्नाला सदतीस वर्षं झाली, आणि बायकोचं हसू त्याला कायम दुसऱ्याच्या खिडकीतल्या दिव्यासारखं दिसत आलं.

अकराला मैदानात साठ-सत्तर माणसं जमली. पालिकेकडून नगररचनेच्या बाई आल्या होत्या – बाई कसल्या, मुलगीच, आपल्या मुलीपेक्षाही लहान – केसांत पेन्सिल खोचलेली. टेबलावर नकाशा पसरून तिने चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. साडू उभा राहिला आणि बोलला. चांगलं बोलला, मेला. मुलांचं खेळणं, म्हाताऱ्यांचं फिरणं, सावली. मग आवाज थोडा खाली आणून, घर नसलेल्यांनाही घर मिळालंच पाहिजे, आम्ही त्यांच्या विरोधात नाही, पण जुन्या गोदामांची जागा पडून आहे ती बघा – लोक माना डोलवत होते, आणि यालाही, मनाविरुद्ध, ते पटत होतं. बायको पुढे वाकून ऐकत होती. तिच्या ओठांची हालचाल होत होती, शाळेतल्या मुलीसारखी, साडूच्या शब्दांबरोबर.

आणि मग साडू म्हणाला, "बाई, जमिनीवरचं मी सांगितलं. जमिनीखालचं सांगणारा माणूस इथे पुढेच बसलाय. आमचे साडूभाऊ. या वस्तीतला प्रत्येक नळ यांच्या हाताखालून गेलाय. यांना विचारा, आणि ते सांगतील ते नकाशापेक्षा खरं धरा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणीवाले, पाणीवाले, असं कोणी मागून म्हणालं. साडू येऊन त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि त्याने याच्या खांद्यावर हात ठेवला.

पालिकेची मुलगी नकाशा घेऊन त्याच्यासमोर आली, चक्क गवतावर टेकली. "काका, मोठी लाइन नकाशात रस्त्याच्या कडेनं दाखवलीय. तशीच आहे ना?"

किती वर्षं वाट पाहिली होती त्याने याची. कुणीतरी नकाशा घेऊन यावं, चार माणसांत विचारावं, बायको शेजारी असावी. सगळं तसंच झालं होतं, एकही गोष्ट कमी नव्हती... आणि खांद्यावर तो हात. घरातली चांगली वस्तू पाहुण्याला दाखवताना माणूस तिच्यावर ठेवतो, तसा. म्हणजे आपण बोलायचं तेही साडूने वाढलेलं ताट म्हणून. उद्या वसाहतीत काय म्हणतील? अध्यक्षांनी युक्ती काढली, अध्यक्षांनी बरोबर माणूस पुढे केला, अध्यक्षांनी मैदान वाचवलं. बायको ताईला सांगेल, भावोजींनी यांना उभं केलं म्हणून. आपल्याच विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या ओंजळीने प्यायचं.

"तशीच आहे," तो म्हणाला. "कडेनंच गेलीय."

"नक्की?"

"मी स्वतः होतो खणायला."

मुलीने केसांतली पेन्सिल काढून नकाशावर बारीक खूण केली. "उद्या दहाला मी कचेरीत हे शाईनं करते आणि वर पाठवते. तोवर काही आठवलं तर या काका."

खांद्यावरचा हात किंचित जड झाला, मग हलका. साडू खाली वाकून हळूच म्हणाला, "असू द्या साडूभाऊ. मला आपलं वाटलं होतं, खाली काही निघालं तर बरं. पण तुम्ही म्हणालात म्हणजे विषय संपला." आणि त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती, टोमणा नव्हता. त्याने शोधला. दुपारभर तो ते वाक्य उलटंपालटं करून बघत राहिला, जुन्या व्हॉल्व्हचा आटा बघावा तसं, कुठेतरी खोच असेल म्हणून. नव्हती.

दुपारी झोप आली नाही. पाया किती खोल घेतील? आठ फूट तरी. म्हणजे यंत्राचा दात लाइनवर बसणार, किंवा त्याहून वाईट, बसणार नाही, शेजारून जाईल, आणि त्यावर चार मजले उभे राहतील, आणि तळमजल्याच्या एखाद्या खोलीत त्याची नातवंडं झोपतील, आणि त्यांच्या पाठीखाली एक्केचाळीस वर्षांचं शिसं... पोराचा हात चांगला आहे, म्हणाले होते. चांगला होता. पण वर चार मजल्यांचं ओझं पेलायला नव्हतं ओतलं ते.

मुलीसाठी केलं, असं त्याने एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. खोलीत ते वाक्य फारच मोठं वाटलं.

संध्याकाळी बायको ओट्याशी शेंगा सोलत बसली होती. तो हात धुऊन दारात उभा राहिला.

"ताई काय म्हणत होती माहितीय?" ती मान वर न करता म्हणाली. "भावोजी घरी कायम तुमचं सांगतात म्हणे. आपल्या सगळ्यांत एकच माणूस असा, की ज्याला विचारावं आणि नकाशा गुंडाळून ठेवावा."

"म्हणायला काय जातंय."

"मी म्हटलं ताईला, सदतीस वर्षं झाली, हे मला नको सांगूस, मला ठाऊक आहे." ती हसली. तोंडावर हात नव्हता, हातांत शेंगा होत्या; खांदे मात्र हलले. "ती मुलगी खाली बसून विचारत होती ना तुम्हाला, तेव्हा मी बघत होते तुमच्याकडे. लोकांना नको असलेलंसुद्धा तुम्ही सरळ सांगून टाकलंत. भावोजींची भीड नाही, कुणाची नाही. मला बाई..." आणि तिने वाक्य पुरं केलं नाही, एक शेंग दाताने फोडली.

त्याने साडूला मनात उभं केलं. सवयीने. वर्तमानपत्र पसरून बसणारा, फुप्फुसवाला, आयत्या खुर्च्यांचा अध्यक्ष... साडू आला, उभा राहिला, आणि काहीच झालं नाही. जळायला काही मिळेना. नुसता एक म्हातारा, गुडघे दुखत असलेला, ज्याने चार माणसांत आपल्याबद्दल चांगलं बोलून टाकलं होतं. आग मात्र होती. पोटात, तिथेच, नेहमीच्या जागी. आणि ती आता दुसऱ्याच कोणाकडे तोंड करून होती. पुढच्या रांगेत बसलेला तो दुसरा माणूस, याच्याच सदऱ्यातला. ज्याला विचारावं आणि नकाशा गुंडाळून ठेवावा. ज्याला कुणाची भीड नाही. त्याच्याचकडे बायको बघत होती सकाळी, आताही शेंगा सोलताना त्याच्याशीच बोलत होती, त्याच्यासाठीच हसली ती... आणि मी इथे दारात, ओले हात घेऊन, माझ्याच घरात पाहुण्यासारखा. काय आयतं मिळतं या माणसाला! एक वाक्य सरळ बोलायचं, बस, आणि सगळं याचं – बायको, मैदान, साडूचा हातसुद्धा. कसा बोलत असेल तो? आधी घसा साफ करत असेल? की नुसता उभा राहत असेल, कचेरीच्या दारात, दहाच्या आधी, आणि म्हणत असेल, "बाई, पेन्सिल आहे ना अजून?"

"काय बघताय असे?" बायको म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला, आणि बघत राहिला.