कासेगावजवळ थांबलेली मॉरिस

आपल्या अस्थी माहुलीच्या कृष्णा-वेण्णा संगमावर सोडायच्या, हे चारुलताबाईंनी आजारपणातच सांगून ठेवलं होतं. सांगलीत दाराशी कृष्णाच वाहते, तरी साताऱ्यात वाढलेल्या त्या बाईचा जीव तिकडेच अडकलेला. दहाव्याच्या आत जायचं ठरलं, तेव्हा त्यांचा मुलगा सौमित्र म्हणाला, "बाबा, जीप सांगतो. त्या जुन्या गाडीचा भरवसा नाही."

शरच्चंद्रांनी नकारार्थी मान हलवली. "ती याच गाडीतून सासरी आली. माहेरीही याच गाडीतून जाईल."

ती काळी छोटी मॉरिस शरच्चंद्रांच्या वडिलांनी घेतलेली. सांगलीच्या विश्रामबागेत आता तशी गाडी दुसरीकडे दिसत नव्हती. लाल फडक्यात बांधलेला कलश मांडीवर घेऊन सौमित्र वडिलांशेजारी बसला.

पेठ नाका मागे पडला. कासेगावच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली अचानक आडवी वळली. शरच्चंद्रांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. त्याच क्षणी मागे टायर किंचाळले. मालानं भरलेला ट्रक वीतभर अंतरावरून बाजूला वळला आणि कडेच्या मातीत रुतून उभा राहिला. सौमित्रनं कलश छातीशी घट्ट धरला होता.

ट्रकवाला खाली उडी मारून तावातावानं आला. बिराप्पा त्याचं नाव, निपाणीकडचा.

"आवं, ब्रेकचा मागचा दिवा लागत न्हाई तुमचा! तुमी थांबलाय हे मला कळायचं कसं? आत्ता दोगंबी गेला असता की!"

मग त्याची नजर लाल फडक्यावर गेली. त्यानं डोक्याचा टॉवेल काढला.

"कोण गेलं, काका?"

"माझी बायको."

शरच्चंद्र उतरून मागे गेले आणि बंपरला हात टेकून उभे राहिले. गाडी बाहेर काढायची म्हटलं की चारुलता आधी इथं येऊन उभी राहायची. ते ब्रेक दाबायचे आणि ती पदर सावरत सांगायची, "लागला हो!" मग पुढं येऊन बसायची. ती अंथरुणाला खिळल्यापासून गाडी शेडमध्येच होती. आज सकाळी मागं कुणीच उभं नव्हतं.

"मी म्हटलं होतं ना, जीप..." सौमित्रनं सुरुवात केली.

शरच्चंद्र गाडीखाली सरकले. ब्रेकच्या नळीवरच्या स्विचच्या दोन वायरी काढून त्यांनी एकमेकींना टेकवल्या. मागचे दिवे लगेच लागले. म्हणजे बल्ब ठीक होते, स्विचच गेला होता.

"अँबॅसिडरचा बसतो याला. कऱ्हाडला मिळेल."

"चला की मग," बिराप्पा सौमित्रला म्हणाला. "मी कऱ्हाडवरनंच चाललोय. येताना एसटी घावंल तुमास्नी."

दोघांनी माती उकरून ट्रक बाहेर काढला. जाताना सौमित्रनं कलश वडिलांच्या हातात दिला.

शरच्चंद्रांनी तो डावीकडच्या सीटवर ठेवला आणि स्वतः शेजारी बसले. ती गेल्यापासून घरात माणसांची रीघ होती. कुणी पाणी आणून देई, कुणी पाठीवर हात फिरवी. दोघंच असे आजच बसले होते.

"चारू, आज बघायचं राहिलं गं," ते म्हणाले. "पोराला घेऊन तुझ्या मागंच येत होतो बघ."

मग त्यांना रडू कोसळलं. बाजूला उसात वारा सळसळत होता, रस्त्यानं गाड्या जात होत्या. कुणी थांबून विचारलं नाही, तेच बरं झालं.

सौमित्र स्विच आणि ब्रेक ऑइलचा डबा घेऊन परतला. वडिलांचे डोळे त्यानं पाहिले. शर्टाच्या बाह्या दुमडून तो म्हणाला, "मी काय करू, सांगा."

शरच्चंद्रांनी जुना स्विच फिरवून काढला, तसं ब्रेकच्या नळीतलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. नवा बसवून, वायरी जोडून झाल्यावर त्यांनी मुलाला ब्रेकवर बसवलं.

"दाब... धरून ठेव... आता सोड."

एकेका चाकापाशी ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा निघत गेली आणि ढिला झालेला ब्रेक पुन्हा कडक लागू लागला. मग शरच्चंद्र स्टिअरिंगवर बसले. सौमित्र न सांगता मागं जाऊन उभा राहिला.

"लागला, बाबा!"

गाडीत बसल्यावर सौमित्र हळूच म्हणाला, "आईचं हे रोजचं काम होतं, नाही? मी कधी लक्षच दिलं नाही."

शरच्चंद्रांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गाडी सुरू केली.

माहुलीला पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. गुरुजींनी हात धुवायला सांगितले. शरच्चंद्रांनी वाळूनं खसाखसा घासले, तरी नखांतलं काळं निघेना.

"राहू द्या," गुरुजी म्हणाले.

त्याच हातांनी त्यांनी अस्थी पाण्यात सोडल्या. राखेचा पट्टा थोडा वेळ दगडापाशी घुटमळला, मग प्रवाहाला लागला. तो दिसेनासा झाला तरी शरच्चंद्र गुडघाभर पाण्यात उभेच होते. अखेर सौमित्र पाण्यात उतरला, त्यानं वडिलांचा दंड धरला आणि दोघं घाटाच्या पायऱ्या चढू लागले.