लाईट बघायला बसणारी

बायोडाट्यासाठी फोटो हवा होता, आणि इतकी वर्षं फोटो स्टुडिओत काम करून माझ्याकडे स्वतःचा एक धड फोटो नव्हता.

अर्ज त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. शाळेच्या ऑफिसातली नोकरी. चारला सुट्टी, रविवार मोकळा. माझी लेक दोन वर्षांची आहे. पाळणाघर सातला बंद होतं आणि आमचा स्टुडिओ साडेआठला. मधल्या वेळात सासूबाई तिला सांभाळतात, स्वतःचे गुडघे सांभाळत. सात वाजले की माझं अर्धं लक्ष फोनकडे. ती पलंगावरून पडली असेल, तिने बटण गिळलं असेल, तिचा हात दारात सापडला असेल. यातलं एकही कधी झालेलं नाही, पण माझ्या मनात ते रोज होऊन जातं. त्यामुळे ही नोकरी मला हवीच होती. अडचण एकच, काकांना अजून सांगितलं नव्हतं. काका म्हणजे आमचे फोटोग्राफर, स्टुडिओचे मालक. त्यांनी नुसतं "राहा ना" म्हटलं असतं तरी मी राहिले असते, आणि त्याचीच मला धास्ती होती.

बायोडाटा नवऱ्याने सुधारून दिला होता. मूळचा कॉलेज संपल्या संपल्या केलेला. त्यात छंद म्हणून 'पोहणे' लिहिलं होतं, जे मला तेव्हाही येत नव्हतं. नवऱ्याने एका बैठकीत माझा कायापालट केला. रडणाऱ्या बाळांपुढे मी खुळखुळा वाजवते, त्याचं झालं 'ग्राहकांशी सुसंवाद'. काका, मी आणि लादी पुसायला येणाऱ्या मावशी, यांची झाली 'टीम', आणि तिचं नेतृत्व म्हणे मी करते. मावशींना कळलं असतं तर त्यांनी फडकं माझ्याच हातात दिलं असतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काका मागच्या खोलीत चहा करत होते. मी कॉम्प्युटरवर जुनी फोल्डरं उघडली. आमच्याकडे एक पद्धत आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी तिथे मी बसते. काका दिवे पुढे-मागे करतात, दोन-तीन फोटो काढून बघतात, मग मी उठते आणि गिऱ्हाईक बसतं. दिवे जुळेपर्यंत माणूस बसून राहिला की त्याचं हसू शिळं होतं, असं काकांचं म्हणणं. हे लाईट बघायचे फोटो ते कधी पुसत नाहीत. त्यामागे भावना वगैरे काही नाही, निव्वळ कंटाळा. त्यामुळे कुणाचंही फोल्डर उघडा, सुरुवातीला मी आहे.

सर्वांत जुन्या फोल्डरात माझी चापूनचोपून घातलेली वेणी होती आणि भुवया वर, आता कोणीतरी ओरडणार अशा. मग पहिल्या पगाराचा निळा शर्ट. तो मी आठवड्यातून तीनदा घालायचे, हे फोटो बघताना कळलं. मग केस कापलेले. घरी आईने त्यावर दिवसभर अबोला धरला होता. बाबा गेले त्यानंतरच्या आठवड्यातलीही मी होते, कुणा जोडप्याच्या साखरपुड्याच्या फोल्डरात, हात मांडीवर ठेवून अगदी व्यवस्थित बसलेली. मग पोट, आधी शर्टाखाली लपवलेलं, मग लपेनासं झालेलं. मग बाळंतपणानंतरची, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर दुधाचा डाग. तो डाग काकांना दिसला नसेल असं कसं म्हणू, त्यांना भिंतीवरचा केस दिसतो. पण ते बोलले नव्हते. दिवा मात्र दुसऱ्या बाजूला सरकवलेला दिसत होता.

किती वेळ बघत बसले कोण जाणे. शेवटी एक बरासा फोटो निवडून पासपोर्टच्या मापात कापायला घेतला. तेवढ्यात काका चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"पासपोर्टचं माप?" ते म्हणाले. "कुठे निघालीस?"

खोटं बोलायला मला जरा तयारी लागते, आणि ती झालेली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. शाळा, चारची सुट्टी, सासूबाईंचे गुडघे. काकांनी कप ठेवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बायोडाटा दाखव म्हणाले. शेवटपर्यंत वाचला.

"ही बाई कोण?"

"मीच."

"बरं झालं आधी माहीत नव्हतं. परवडली नसती मला."

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. हा नको म्हणाले, यात तू बघतेस कुठे? तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाही फोटोत मी समोर बघत नव्हते. दिव्याकडे, दाराकडे, मांडीवरच्या फोनकडे.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. दिवे लावून झाल्यावर मी सवयीने उठायला लागले, तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. समोर बघायची मला इतकी लाज वाटली की मान आपोआप वळायची. ते थांबले, पुन्हा थांबले, आणि मग खुळखुळा शोधू लागले. मी हसले. तो फोटो झाला.

फोटो बायोडाट्यावर लागला, मेल तयार झाला. काका एक पांढरा पुठ्ठा आणि जाड पेन घेऊन आले. तुझं अक्षर बरं आहे, लिही म्हणाले. मदतनीस पाहिजे. मी म्हटलं, अजून नुसता अर्जच आहे, काका. ते म्हणाले, मिळेल, लिही. शांत बसता आलं पाहिजे. तेही लिहिलं. वेळ, दहा ते साडेआठ.

माझा हात थांबला. "साडेसहापर्यंत लिहू का, काका? येईल तिला लहान मूल असलं तर..."

"लिही साडेसहा," काका म्हणाले. आणि मग, "हे स्वतःसाठी कधी का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्हाला चालणार नाही."

"चाललं नसतंच," काका म्हणाले. "चालवून घेतलं असतं."

चहा गार झाला होता, तरी मी तो प्यायले.

"आणि रविवार?" मी विचारलं.

"रविवारी लोक घरी असतात गं. तेव्हाच तर ते फोटो काढायला येतात."

माझ्याही घरी रविवारीच सगळे असतात. मी मेल पाठवून दिला.

काका पुठ्ठा घेऊन काचेच्या दाराशी गेले. आतून चिकटवायला धरला आणि मागे न बघता सरळ आहे का म्हणून विचारलं.

"डावीकडून जरा वर," मी म्हटलं.

त्यांनी वर घेतला. "आता?"

"आता ठीक आहे."