पाठमोरा

ब्रॅडफर्डच्या थिएटरात सिनेमाआधी युद्धाचा वार्तापट लागला होता. वाळवंटात एक शिपाई बूट काढून पाठमोरा बसून पेट्रोलच्या डब्यात चहा उकळत होता. त्याच्या मोज्याची टाच पांढऱ्या लोकरीनं रफू केलेली दिसली आणि हिल्डा खुर्चीत पुढे सरकली. राखाडी लोकर संपली म्हणून तिनंच ते केलं होतं. हा तिचा नवरा आर्नल्डच.

तेवढ्यात शेजारच्या क्राउदरबाईंनी तिचा हात गच्च धरला. "अगं, आमचा क्लिफर्ड. मान बघ ना."

चार महिने बाईंना लेकाचं पत्र नव्हतं. हिल्डानं मान डोलावली. "तोच हो. मानेवरून कळतंयच की."

"पण मोजा कुठल्या आंधळीनं रफू केलाय?"

"असेल कुणीतरी आंधळीच," डोळे पुसत हिल्डा म्हणाली.