परत न घेतलेला मुखवटा

मी तलवारबाजीचा एक मुखवटा बोलतोय. पोलादी तारांची जाळी आणि गळ्यापाशी जाड पांढरं कापड, एवढाच माझा देह. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरातल्या एका क्लबात मी आलो तो गेर्डा लिख्टविट्झसाठी. तिच्या बाबांनी मला घेऊन दिलं होतं.

लोक मला बाहेरून बघतात. मला माणूस आतून कळतो. वार करण्याआधी गेर्डा दोन आखूड श्वास घ्यायची, मग एक लांब. एकोणिसाव्या वर्षी तिनं शहराचा चषक जिंकला.

१९३३च्या वसंतात चिटणीसांनी सभा बोलावली. ज्यू सभासदांना काढायचं होतं. एकेक हात वर गेला. गेर्डाच्या जिवलग मैत्रिणीचा, ट्राउडेचाही. जरा उशिरा, पण गेला.

"मास्तर, तुम्ही तरी?" गेर्डानं विचारलं.

तिला तलवारबाजी शिकवणारे मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले, "मुखवटा ठेवून जा, पोरी. सामान क्लबाचं आहे."

"हा माझा आहे."

"ठेव गं. वाद नको."

पुढच्या स्पर्धेत मला ट्राउडेनं घातलं. सामना सुरू झाला, आणि माझ्या आत श्वास ऐकू येऊ लागला. दोन आखूड, एक लांब. ट्राउडेनं स्वतःचा श्वास रोखून पाहिला, तो चालूच. तिच्या गालाला त्याची ऊब लागत होती.

"कोण आहे?" ती कुजबुजली.

मी काही केलं नव्हतं, शपथेवर सांगतो. तिच्या हातून तलवार गळून पडली.

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून ती लिख्टविट्झांच्या घरी गेली. दार गेर्डानंच उघडलं.

"घे बाई तुझा मुखवटा. मला नाही घालवत."

"हात वर केलास तेव्हा घाबरली होतीस?"

"हो."

"आणि आता?"

"आता जास्त."

गेर्डानं माझ्या जाळीवरून बोट फिरवलं आणि मला परत दिलं. "राहू दे तुझ्याकडेच. घालत जा."

दार लागलं. वर्षभरात ते कुटुंब शहरातून गेलं. कुठं, ते ट्राउडेला कुणी सांगितलं नाही.

ट्राउडे पुन्हा खेळली नाही. पण दर रविवारी मला घालून, दार लावून बसायची. युद्धानंतर शहर पोलंडकडे गेलं आणि जर्मनांना ते सोडावं लागलं, तेव्हा तिनं घरातली चांदी मागे ठेवली आणि मला उचललं. म्हातारपणी ती माझ्या आत हलकेच म्हणायची, "आहेस ना?"

ती गेल्यावर तिच्या भाच्यानं मला एका संग्रहालयाला दिलं. इथं मी काचेच्या कपाटात आहे. झाडू मारणारी बाई माझ्याकडे पाठ करत नाही. खालच्या पाटीवर ट्राउडेचं नाव आहे.

कधी आलात, तर तेवढी पाटी बदलायला सांगा. आडनाव लिख्टविट्झ. नाव गेर्डा.