शेवटची कमान

दिनकरने आखूड दांड्याचा हातोडा उचलला आणि मनातल्या मनात नाक मुरडलं. हिरवळीवर खेळायचा क्रोके ह्या शहाण्यांनी रोलर फिरवलेल्या टणक वाळूवर आणला होता, भोवती वीतभर उंचीची भिंत घातली होती, आणि साठीतली माणसं रविवारची सकाळ तारेच्या कमानींतून चेंडू ढकलण्यात घालवत होती. जर्मनीतल्या ह्या ब्राउनश्वाइगमध्ये रविवारी दुसरं करणार तरी काय म्हणा!

त्यांतलेच एक लांगे, दिनकरचे साहेब; इथल्या रीतीने 'हेर', म्हणजे श्रीयुत, लांगे. प्रत्येक फटक्याआधी वाकून वाळूतला खडा उचलून बाजूला टाकणार. गाड्यांच्या ब्रेक-टेस्टिंगचा नवा ग्रुपेनलायटर, म्हणजे गटप्रमुख, ह्यांच्या सहीने ठरायचा होता, म्हणून दिनकर आला. एरवी ह्या पोरखेळाकडे तो फिरकलाही नसता.

डाव शेवटच्या कमानीवर आला. चेंडू भिंतीवर आपटून आणला, की आत. म्हणजे कॅरमचा रिबाउंड! कॉलेजची सगळी वर्षं दिनकरने त्यावरच काढली होती.

"मार की, हातचा आहे तुझ्या," केकच्या टेबलापाशी उभी असलेली त्याची बायको, शुभा, मराठीत म्हणाली.

"गप गं. साहेबाला हरवून कुणाचं भलं झालंय?"

त्याने मनगट जरासं वळवलं. चेंडू कमानीच्या तारेला घासून बाहेर गेला. दिनकरने कपाळावर हात मारला. बेमालूम जमलं होतं. आता म्हातारा जिंकणार आणि खूश होणार.

लांगेंनी आपला फटका मारलाच नाही. ते चालत गेले, दिनकरचा चेंडू उचलला आणि पुन्हा मूळच्या जागी ठेवला.

"परत मारा, हेर सबनीस."

"पण नियम..."

"परत."

म्हणजे म्हाताऱ्याला दया आली तर! दिनकरला ती दया झोंबली. त्याने नेम धरला. चेंडू भिंतीला लागला, वळला आणि तारेला न शिवता कमानीतून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शुभा केक कापायला वळली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," लांगे म्हणाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. "उद्या आठ वाजता भेटा. ब्रेकच्या टेस्टचे तुमचे तीन वर्षांचे रिपोर्ट घेऊन या. माझ्या मर्जीसाठी आणखी कुठे कुठे चुकलात, ते बघायचंय."

दिनकर हसला. थट्टाच असणार.

लांगे वाकून वाळूतला खडा उचलत होते.